धुऱ्यापलीकडचा दगड

बाबा, दादाचा परत फोन आलता. खदानीच्या कागदावर माझी सही पाहिजे म्हणतो. तुम्ही गेल्यावर जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली, अर्धी त्याची, अर्धी माझी, मधात बांध म्हणून तुमचा तोच बोरीचा धुरा. त्याच्या बाजूचा दगड संपत आलाय. माझ्या बाजूला खोदायची मी संमती दिली नाही तर उन्हाळ्यात क्रशर बंद पडेल, तीस माणसं घरी बसतील, असं तो म्हणतो. खरंच तीस आहेत का, ते मी पाहिलं नाही.

तुम्हाला आता ती खदान ओळखू येणार नाही. तुमच्या वेळेस काय होतं, एक घन, दोन छिन्न्या, पाचरांची पिशवी आणि आईनं बांधून दिलेली भाकर. तुम्ही दगडावर पाणी ओतून बिडी ओढत बसायचे. सगळा दगड वाळायचा, पण जिथं चीर असते तिथं ओली रेघ मागं राहायची. एकदा मी न पाहताच घन घातला. पाट्यासाठी ठेवलेला दगड होता, नको तिथं फुटला. तुम्ही मारलं नाही, एवढंच म्हणाले, "लेका, दगड साजरा दिसते म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवतं काय? पाणी टाकून पाह्य, मंग बोल." शाळेत मी चौथीच्या पुढं टिकलो नाही, पण हे असं डोक्यात बसलं की आता माणसालाही तसंच तपासतो.

दादानं आधी ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आणला, मग कोणाचं तरी वापरलेलं क्रशर. बाभुळगावकडचा रस्ता रुंद होऊ लागला तसे दोन टिप्परही आले. गेटावर पाटी लावली, तुमचं नाव मोठं, त्याचं खाली लहान. लोक म्हणतात, पोरगा बापाले विसरला नाही. मी म्हणतो, तुमच्या नावानं गिऱ्हाईक येते म्हणून लावली. नाही तर माझं नाव काहून नाही त्यावर? मी इकडं गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात आहे, दोन वर्षांतला तिसरा. इथं मशीन मातीच्या फरशीवर दगडाचं चित्र छापते. हात लावल्याशिवाय खोटं कळत नाही. दिवसभर हेच पाहणारा माणूस भोळा कसा राहील.

म्हणून दिवाळीत न सांगता गेलो. घरी नाही, थेट खदानीवर. दादानं धुरा ओलांडलाच असेल असं धरूनच गेलतो. पण खड्डा धुऱ्याच्या दहा पावलं आधीच थांबलेला. बरं वाटायला पाहिजे होतं. उलट मनात आलं, एवढा चांगला दगड यानं काहून सोडला? मग माझ्या बाजूच्या एका मोठ्या काळ्या दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि उन्हात बसून राहिलो. दगड वाळला, हातभर ओली रेघ उरली. सापडला, म्हटलं. तेवढ्यात दादा आला, डोक्यापासून पायापर्यंत भुकटी.

"कवा आला? घरी नाही गेला?"

"पयले हे सांग. तुया ब्लास्टिंगनं माह्या दगडाले चीर गेली."

दादा उकिडवा बसला. खिशातल्या चावीनं रेघेतली धूळ खरवडली. एका ओळीत पाच भोकं निघाली, चौकोनी, बोटभर खोल. "ब्लास्टिंग चौकोनी भोक पाडते काय? बाबाच्या छिन्नीचे हायत हे. पाचरा ठोकायच्या राह्यल्या. त्याच आठवड्यात त्यायले यवतमाळले दवाखान्यात नेलं." तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. "चाल. चहा तरी पेतं, का त्याच्यातबी पाणी टाकून पाह्यतं?"

चहा प्यालो. त्यानं कागद पुढं केला. वाचून सांगतो म्हटलं, आणि इकडं घेऊन आलो. त्यातली सरकारी भाषा मला उमगेना, खोलीतल्या वर्ध्याच्या पोरानं दोनदा वाचून दाखवला. दादा बोलला तेच आहे त्यात, एक ओळ जास्त नाही. तरी मी म्हणत राहिलो, कागदात लिहिलं नसेल असं काही असेल.

आता दर रविवारी दादाचा फोन येतो. आधी जेवला का विचारतो, कारखाना तोच आहे का बदलला विचारतो, मग हळूच सहीचं काढतो. कधी आईकडं फोन देतो. मी दर वेळी नवी शंका काढतो, तो अर्धा-अर्धा तास समजावत बसतो. कागद नव्हता तेव्हा वर्षातून एक फोन यायचा, पोळ्याला.

त्या तीस माणसांचं मला कळतं, बाबा. कागदाबद्दल दादावर आता संशय नाही, हे तुम्हाला सांगतो, त्याला सांगितलं नाही. आज सही करायची म्हणून शेजाऱ्याचा पेन आणला आणि त्याच पेनानं हे लिहीत बसलो. सही मिळाल्यावरही तो रविवारी फोन करेल, एवढ्यावर मात्र माझा भरवसा बसत नाही.