नकाशात नसलेली झोपडी

धानोरा. मंगळवार, संध्याकाळ.

आज सुनीतावर उगाच खेकसलो. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपापल्या गावाचा घरांसकट नकाशा काढायला सांगितला होता. तिने चार दिवस उशिरा दिला. मी तपासला, शेरा मारला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "उशीर काऊन झाला?"  तिच्याऐवजी तिची मैत्रीण खाली बघत म्हणाली, "सर, थे कुरम्यात होती."

पाळीच्या दिवसांत बाया गावाबाहेरच्या ज्या झोपडीत राहतात, तो कुरमा. बारा वर्षं या तालुक्यात काढली, आणि हे मला कोणीतरी सांगावं लागतं?

मग नकाशा पुन्हा पाहिला. फार मन लावून काढलाय. बोअरिंग, शाळा, मोहाची झाडं, एकूण एक घर. कुरमा मात्र नाही. त्यातच बसून नकाशा काढला आणि तोच नाही! तास संपल्यावर तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, "सर, तुमी घरं काढाले सांगतलं होतं. थे काई घर नाई."

नकाशाच्या माथ्यावर तिने माझंच वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलंय : 'जे रोज समोर असतं, तेच आपल्याला दिसत नाही.' पहिल्या तासाला केवढ्या ऐटीत सांगितलं होतं मी!

 मागच्या उन्हाळ्यात तिच्या बहिणीच्या लग्नाला गेलो, तेव्हा मोटरसायकल त्याच झोपडीच्या सावलीत लावली होती. आणि नकाशाखाली लाल शाईत माझा शेरा : 'अचूक. काहीही सुटलेलं नाही.'