एकोणचाळिसावी पाटी

मीरा रोड,
१० ऑक्टोबर २००४

तीर्थरूप अण्णांस,
सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आईने पाठवलेली कोकमं एकाच दिवशी पोचली. कोकमं जास्त रसाळ होती. फोन केला तर तुम्ही "कोण?" एवढंच विचारून आईच्या हातात देता, म्हणून मीही आता पत्रच लिहायचं ठरवलं आहे.

काल शाळेत पालकसभा झाली. एरवी दहा-पंधरा आया येतात आणि मागे एक आजोबा पेंगत असतात. काल मात्र आमच्या मुख्याध्यापिका शुभदाबाईंनी दसऱ्याच्या पाटीपूजनाची सूचना वाचली आणि हरिश्चंद्र म्हणून एक पालक उभे राहिले. सरकारी शाळा सगळ्यांची, मग तिथे एकाच धर्माची पूजा कशी, असं त्यांनी शांतपणे विचारलं. त्यावर एक बाई म्हणाल्या की ह्यांच्या स्वतःच्या घरी गणपती दहा दिवस असतो, आणि आता हे आम्हाला शिकवणार. दुसरे म्हणाले की इंग्रजी शाळांत येशूची प्रार्थना होते तेव्हा कुणी काही बोलत नाही. भांडण कशावरून चाललंय हे एका गुजराती आईला कुणीतरी हिंदीत समजावलं, आणि मग तेच भांडण पहिल्यापासून हिंदीत झालं.

शेवटी शुभदाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, की सुरुचीबाई मधला मार्ग काढतील. मी तो काढला आहे. माझ्या चौथीच्या वर्गात चव्वेचाळीस मुलं, त्यांत चार मुसलमान आणि दोन ख्रिश्चन. पूजेच्या वेळी ही सहा मुलं शेजारच्या खोलीत बसतील. त्यांना कागद, रंगीत खडू आणि बिस्किटं द्यायची. कुणावर जबरदस्ती नाही आणि कुणाची पूजाही बुडत नाही. तुमचा जावई नीरज म्हणतो, मी निवडणुकीला उभी राहायला हवं.

त्या सहांत माझी जसिंता आहे. समुद्रकाठच्या चौक गावच्या ख्रिश्चन कोळ्यांची पोर. तिची आजी भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी विकते आणि सकाळी येताना हिला शाळेत सोडते. वडील बोटीवर, आई नाही. हिला मी स्कॉलरशिपला बसवते आहे. आमच्या शाळेतून आजवर कुणी लागलेलं नाही, पण ही लागेल, हे मी तुम्हाला लिहून देते. हात तर असा की रेघ मारायला पट्टी लागत नाही. पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती तिच्याकडूनच काढून घेणार आहे, बाकीच्यांची सरस्वती खुरडत चालते.

तुम्ही चौतीस वर्षं पूजा घातलीत. माझा मार्ग कसा वाटला ते कळवा. आईला नमस्कार. तुमचं रागावणंसुद्धा मला चालतं, फक्त ते वेळेवर येऊ दे.

तुमची,
सुरुची

*

राजापूर,
१४ ऑक्टोबर २००४

चि. सौ. सुरुचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. कोकमांशी माझी बरोबरी केलीस हे तुझ्या आईला फार आवडलं, तिने शेजारी वाचून दाखवलं.

तुझा मार्ग मला पसंत नाही. शाळेत मुलांची अशी वाटणी करू नये. माझ्या शाळेत पूजा सगळ्यांची असे. बामण, कुणबी, महार, मुसलमान, सगळी पोरं एका रांगेत. तुला सुलेमान बोरकर आठवतो का, हल्ली स्टँडजवळ पंपदुरुस्तीचं दुकान आहे तो? फुलांचं तबक मी दर वर्षी त्याच्याच हातात देत असे. चौथीत असताना त्याला त्या दिवशी ताप भरला होता. वर्गातल्या विठूला आणि आणखी एका मुलाला मी त्याच्या घरी बोलवायला पाठवलं, तर हा तशा तापात आला आणि तबक धरून शेवटपर्यंत उभा राहिला. ही गोष्ट मी माझ्या निरोपसमारंभातही सांगितली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा धर्म वगैरे शब्द कुणाच्या डोक्यात नव्हते.

सगळ्यांना एकत्र बसव, काही बिघडत नाही. जावईबापूंना आशीर्वाद. तब्येतीला जप आणि आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझे,
अण्णा

*

मीरा रोड,
२३ ऑक्टोबर २००४

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, पण तोवर शुभदाबाईंनी माझा मार्ग सगळ्या वर्गांना लागू करून टाकला होता. परवा पूजा झाली. रागावू नका, फार छान झाली. पालकांची एक तक्रार नाही. हरिश्चंद्रांनीही मान डोलावली, आणि त्यांच्याशी भांडलेल्या बाईंनी त्यांना प्रसाद दिला. शुभदाबाई म्हणाल्या की दुसऱ्या शाळांनी आमच्याकडून शिकावं.

पाट्या तर बघत राहाव्यात अशा. जसिंताने आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बसून अडतीस पाट्या काढल्या. डबाही खाल्ला नाही. प्रत्येक सरस्वतीच्या पायाशी तिने एक लहानसं फूल काढलं, तेही मी न सांगता. पूजेच्या वेळी ती शेजारच्या खोलीत होती. बाकीच्या पाचांनी कागदावर घरं, झाडं, विमानं काढली. तिचा कागद कोराच होता. दमली असेल.

आज ती आली नाही. आजीला मदत करत असेल, सध्या मासळी सुकवायचे दिवस आहेत.

आईने डिंकाचे लाडू केले तर दिवाळीला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. माझं कौतुक तुम्ही केलं नाहीत तर दुसरं कोण करणार?

तुमची,
सुरुची

*

राजापूर,
३१ ऑक्टोबर २००४

चि. सौ. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, ज्या बाईकडून सगळ्या पोळ्या लाटून घेतल्या तिला पंगतीतून उठवलं, असं झालं हे. मलाही वेगळं लिहायचं नाही.

अडतीस पाट्या काढणारी पोर पूजेच्या वेळी कुठे होती, हे तू एका ओळीत उरकलंस. तुला मी असं लिहायला शिकवलं नव्हतं. माझ्या शाळेत असं कधी घडलं नसतं. सुलेमानला कधी बाहेर बसावं लागलं नाही.

ती शाळेत यायला लागली का, ते कळव. लाडू पाठवतो आहे. रागावलो असलो तरी लाडू मोजून पाठवलेले नाहीत.

तुझे,
अण्णा

*

मीरा रोड,
५ डिसेंबर २००४

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

एवढे दिवस पत्र लिहिलं नाही कारण लिहायची लाज वाटत होती. अजून वाटते आहे.

जसिंता दिवाळीआधी आली नाही. सुट्टीनंतर शाळा उघडली तरी नाही. बाजारात तिच्या आजीला दोनदा गाठलं, तर तिने गिऱ्हाइकाकडे बघत येईल, येईल म्हटलं. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही राहिली होती. शेवटी काल शाळा सुटल्यावर बस पकडून चौकला गेले.

बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि पोर खाली पडलेले ओंजळीने गोळा करत होती. मला बघून तिने हात फ्रॉकला पुसले आणि उभी राहिली, वर्गात राहते तशी. मी म्हटलं, शाळेत का येत नाहीस. तिने खाली बघत विचारलं, की बाई, माझी कुठची पाटी चुकली होती.

मला आधी कळलंच नाही. मग आजीने सांगितलं. अण्णा, आमच्या वर्गात बाहेर कुणाला पाठवतात? गृहपाठ न करणाऱ्याला, खोड्या काढणाऱ्याला. पोरीला वाटलं ती शिक्षा होती. शेजारच्या खोलीत बसून ती सगळा वेळ एकेक पाटी आठवत होती, की कुठे आकडा वाकडा गेला. म्हणून कागद कोरा राहिला. आणि मी तुम्हाला लिहिलं, दमली असेल.

मी म्हटलं, तुझी एकही पाटी चुकली नव्हती. तर ती म्हणाली, मग का. त्याचं उत्तर मी पालकसभेत खणखणीत आवाजात दिलं होतं. तिथे त्या पोरीपुढे मला ते देता येईना. माझं चुकलं असं म्हटलं, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. बाईंचं कधी चुकतं, हे आम्ही त्यांना शिकवलेलंच नाही.

मग आजी आत गेली आणि एक पाटी घेऊन आली. जसिंताची स्वतःची. अडतीस झाल्यावर तिने घरी येऊन एकोणचाळिसावी काढली होती आणि पूजेच्या दिवशी दप्तरातून नेली होती. तिने दप्तर उघडायच्या आधीच मी तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं. आजीने ती पुसू दिली नव्हती, क्रुसाच्या खाली भिंतीला टेकवून ठेवली होती. मी म्हटलं, हिला पूजेला बसवायला तुमची हरकत नव्हती का. तर आजी म्हणाली, "मी पाठवली असती का न्हाय, ता मना बी ठाव न्हाय. पन मना कुनी इचारलाच न्हाय, बाई."

फॉर्मवर तिने सही केली नाही. विचार करते म्हणाली. वर बोंबलांची एक जुडी माझ्या पिशवीत घातली. परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसताना मला कुणाकडे बघवेना. घरी नीरजने काय झालं विचारलं तर त्याच्यावरच ओरडले.

अण्णा, तुम्ही लिहिलंत की सगळ्यांना एकत्र बसवायचं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं. पण एक विचारू? सुलेमानला तबक धरायचं होतं का? तुम्ही त्याला कधी विचारलं होतंत?

हे मी उलट बोलत नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. पायांशी ठेवा.

तुमची,
सुरुची

*

राजापूर,
१४ डिसेंबर २००४

चि. सौ. सुरुचीस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचा मला राग आला. चार दिवस मी तुझं पत्र कपाटात टाकून ठेवलं. पाचव्या दिवशी आईने पंप बिघडला नसताना मला पंपदुरुस्तीला जायला सांगितलं. म्हणून गेलो.

सुलेमानने खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला. मी हसत हसतच विषय काढला, की तुला आठवतं का, तापातसुद्धा आला होतास. तोही हसला. म्हणाला, गुरुजी, ताप नव्हता. त्या वर्षी अब्बांनी सांगितलं होतं की आता तू मोठा झालास, पूजेला जायचं नाही. म्हणून तापाचं निमित्त. मग तुमची पोरं आली. अब्बा ओटीवर जाळं विणत होते. पोरांना गुरुजींनी पाठवलंय म्हटल्यावर त्यांनी फक्त जाळं खाली ठेवलं. नंतर कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी विचारलं, मग मला तेव्हा का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तुम्ही मान देत होतात, गुरुजी. मान नको असं कसं सांगणार?

सुरुची, निरोपसमारंभात तो दुसऱ्या रांगेत बसला होता. मी ती गोष्ट सांगितली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. मला ते दिसलं होतं आणि मी खूष झालो होतो. आता जेवायला बसलं की ते डोळ्यांपुढे येतं. माफी मागायची म्हणून मी उठून उभा राहिलो, तर त्याने हात धरून मला पुन्हा बसवलं आणि दुसरा चहा मागवला. मी माफी मागायला गेलेला माणूस दोन चहा पिऊन परत आलो.

तू बाहेर बसवलंस, मी पुढे उभं केलं. मला वाटत होतं की ह्या दोन गोष्टी उलट आहेत. तू लिहिशील की यापुढे मुलांना विचारूनच करते. मी त्यावरही विचार केला. चौथीतलं पोर गुरुजींना नाही म्हणत नाही. त्याने हो म्हटलं तरी ते त्याचं हो नसतं. म्हणून चौतीस वर्षं पूजा घातलेला मी आता तुला लिहितो, की पूजा ज्याच्या त्याच्या घरी राहू दे. शाळेत पोरांना हे हो-नाही म्हणायची पाळीच येऊ देऊ नये. तुझ्या त्या हरिश्चंद्रांना माझा नमस्कार सांग.

त्या पोरीला परत आण. माझं जे राहून गेलं ते आता भरून निघत नाही, तुझ्या हातात अजून फेब्रुवारीतल्या स्कॉलरशिपच्या परीक्षेपर्यंत वेळ आहे.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. माझ्यावर तुझा जेवढा आदर होता त्यातला थोडा तरी शिल्लक ठेव.

तुझे,
अण्णा

*

मीरा रोड,
९ जानेवारी २००५

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आदर जसाच्या तसा आहे. आता त्यात थोडी माया जास्त मिसळली आहे, एवढंच.

शुभदाबाईंना मी सांगितलं की पुढच्या दसऱ्याला माझ्या वर्गात पूजा होणार नाही. त्या रागावल्या आहेत. म्हणाल्या, मार्ग तुम्हीच काढला होता. ते खरंच आहे. चौकला आणखी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी आजीने फॉर्मवर सही केली आणि म्हणाली की पोर घरात कोळशाने भिंतीवर आकडे काढते, तिला घेऊन जा.

सोमवारपासून जसिंता येते आहे. मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की दसऱ्याला माझी चूक झाली, तिची नव्हे. तुम्हाला हे सगळं आनंदाने कळवायचं होतं.

पण काल भूगोलाच्या तासाला फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढायचा होता. सवयीने मी खडू तिच्या हातात दिला. तिने खाडी, समुद्र, डोंगर सगळं काढलं, सुरेख काढलं. मग खडू ठेवला, हात झटकले, जागेवर जाऊन दप्तर उचललं, आणि मला विचारलं की आता बाहेर बसू का.

तिच्या आवाजात राग नव्हता, अण्णा. काम संपलं की बाहेर जायचं असतं, असं तिला वाटत होतं.

मी तिला जागेवर बसवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ मला वळताच येईना.

तुमची,
सुरुची