पाणी उतरेपर्यंत

ता. २२ मे

अहो,

शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली रोज फोनवर कळतेच. मग पत्र कशाला, असं म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवता, आणि माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत तुमची दोन होतात. पत्रात मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या मोहितची नोकरी बरी चालली आहे. सूनबाई रितिकाही सकाळीच कामाला जाते. मग घरात मी आणि फ्रिजची घरघर. बसवत नाही हो. भांडी आवरली की कोट चढवते आणि निघते. मे महिन्यात कोट! तिकडे तुम्ही बनियनवर असाल.

कॅनडात जातेस म्हणजे मोठं शहर असेल, असं शेजारच्या वैभवीताई म्हणाल्या होत्या. हे गाव आपल्या नागपुरातल्या सदरपेक्षाही लहान आहे, तरी मला ते अजून कळलेलं नाही. आपल्याकडे रस्ता चुकला तर पुढे चौक येतो, पानठेला येतो, कोणीतरी हात दाखवतं. इथे रस्ता चुकला की समुद्र येतो. वळून दुसरा रस्ता धरावा, तर तोही समुद्रावरच जातो. रंगीत घरं, बंद दारं, धक्क्यावर खेकड्यांसारखं काहीतरी पकडायचे पिंजरे रचलेले. पाहून झालं तरी पाय घराकडे वळत नाहीत. पायाला भिंगरी लागली आहे म्हणा.

खरं सांगू? नागपूरसुद्धा मी असं कधी पाहिलं नाही. लकडगंज काय, सदर काय, सगळं तुमच्या स्कूटरवर मागे बसून, तुमच्या खांद्यावरून. इथे मध्ये खांदा नाही. भीती वाटते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं.

मागच्या आठवड्यातली एक गोष्ट मोहितने तुम्हाला सांगितलेली नाही. मीच सांगू दिली नाही.

किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात एक खडकाळ टेकाड आहे. एरवी त्याच्या चहूकडे पाणी असतं. त्या सकाळी पाहते तर मधलं पाणीच नाही. ओली वाळू आणि गोटे. मी पडले कन्हान नदीकाठची मुलगी. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात टरबूज-डांगरांच्या वाड्या लागायच्या, आम्ही पोरी या काठावरून त्या काठावर भटकायचो. एकदा आटलेलं पाणी मृग लागेपर्यंत परत येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाटेत वेळा लिहिलेला एक बोर्ड होता. मला वाटलं, बोटीचं टाइमटेबल असेल. गेले. वर चढले, झाडाखाली बसून चिवडा खाल्ला. वळून पाहते तर आले ती वाट पाण्याखाली. समुद्र रोज आटतो आणि रोज भरतो, हे शाळेत शिकले होते. पण पायांना कन्हानच माहीत.

मोहितचा फोन लागेना. मग तुम्हाला लावला. तुमच्याकडे संध्याकाळ होती. आठवतंय? मी "अहो" एवढंच म्हटलं, आणि तुम्ही सुरू झालात.

"बरं झालं वं तू फोन केला. कूलरचा पंप बंद पडला. पाणीच नाही चढून राहिलं. कोणाले बोलावू?"

माझ्या खालच्या दगडाला लाटा लागत होत्या. मला हसूच आलं.

"सदरच्या सुशीलले बोलवा. नंबर फ्रिजवर चिकटवला आहे."

"अन् लोणच्याची बरणी कुठं ठेवली?"

"खालच्या खणात."

"बरं, ठेव. लय गरम होऊन राहिलं."

तुम्ही ठेव म्हणालात, मी ठेवला.

किनाऱ्यावर एक म्हातारी बाई कुत्रा फिरवायला आली होती. तिने मला पाहिलं, हात हलवले, मग दोन्ही तळवे खाली दाबून दाखवलं, बसून राहा. मला वाटलं, आता जाईल आपल्या वाटेने. ती गेली खरी, पण थर्मास घेऊन परत आली आणि पाणी उतरेपर्यंत बाकावर बसून राहिली. चिखल तुडवत मी पोचले तेव्हा तिने चहा दिला, अगदी बिनसाखरेचा, आणि विचारलं, ठीक आहेस ना? तेव्हा मला रडू फुटलं. टेकाडावर एक टिपूस आलं नव्हतं.

संध्याकाळी मोहित ओरडला, "आई, काहून गेली वं तिकडे? बोर्ड नाही दिसला का?" रितिकाने मला भरती-ओहोटीच्या वेळा समजावून दिल्या. आता मी वेळ पाहून जाते. हो, पुन्हा गेले. कालच गेले होते.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. तुम्ही रोज विचारता, कधी येतेस? पुढच्या महिन्याचं माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं आहे.

इथे राहायचे कागद आपल्या दोघांचे बरोबरच झाले होते. तुम्ही आला नाहीत. "जाय तू, येशील पळत," असं एअरपोर्टवर हसत म्हणालात. आलेही असते हो. तुमची आठवण येते, सकाळी चहा टाकताना हटकून येते. तुम्ही वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. पण पंपासाठी आणि बरणीसाठी मी येणार नाही. त्या दिवशी तुम्ही नुसतं विचारलं असतंत, कुठून बोलतेस, तर मी सगळं सांगितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं.

पत्र पोचलं की फोन करा. स्पीकर बंद ठेवा. आधी विचारा, आत्ता कुठे आहेस? मग जरा थांबा, मला सांगू द्या. ऐकून यावंसं वाटलं, तर कपाटातले कागद काढा आणि या. टेकाडावर दोघांना बसायला जागा आहे. पाणी उतरलं की चालत परत येऊ, आणि एकदा तरी तुम्ही माझ्या मागून चाला.

नाहीच वाटलं तर कूलर लावून स्वस्थ झोपा. मी रागावणार नाही, असं लिहिणार होते. पण रागावेन.

तुमची वाट पाहणारी, पण घरात बसून नव्हे,

रुख्मिणी