गोल टोकांची अक्षरं

बाबा, तुम्हाला आणि मला एकाच गोष्टीची चीड होती: वाचणाऱ्याला गृहीत धरून लिहिलेल्या पाटीची. बाकी कशावर आपलं एकमत नव्हतं, अक्षरांच्या टोकांवर तर नाहीच.

दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या सरकारी कार्यालयात तुम्ही दारांवरच्या पाट्यांची अक्षरं आखायचात. प्लास्टिकवर ती कोरणाऱ्या यंत्राचं पातं गोल फिरायचं, म्हणून प्रत्येक रेघेचं टोक गोल यायचं. पुढे दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवतानाही तुम्ही तीच टोकं ठेवलीत. गोल टोकाची रेघ डोळ्याला आखूड दिसते, म्हणून ती केसभर लांब ओढायची. शिरोरेषा अक्षरांच्या जोडावर सपाट, गोलाई फक्त शब्दाच्या शेवटी. पाटी टांगून झाली की तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जाता, डोळे अर्धे मिटता आणि वाचता. मी शेजारी उभी, बस चुकेल म्हणून कुरकुरते आहे.

मुनिरकात खोली घेऊन शिकत होते, तेव्हा मोर्चाचा फलक तुमच्याकडून लिहून घेतला आणि बघून संतापले. "ही काय अक्षरं, बाबा? मिठाईच्या डब्यावर शोभतील." तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "ओरडायला तू आहेसच की. फलक नुसता वाचता आला पाहिजे."

यंदा दिवाळीच्या तोंडावर मानेसरच्या एका कारखान्याने कंत्राटी कामगारांना फोनवर निरोप पाठवला: उद्यापासून कामावर येऊ नये. गुबगुबीत, गोल अक्षरं, मागे फिका गुलाबी रंग. कंपनीच्या शुभेच्छाही याच अक्षरांत येतात. तिथली एक बाई तो न वाचताच झोपली आणि सकाळी नेहमीसारखी कंपनीच्या बसपाशी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने तिला चढू दिलं नाही. "दीदी, हमें लगा दिवाली की बधाई है," हे सांगताना ती हसत होती. मला ते हसू सहन झालं नाही.

या कामगारांच्या उद्याच्या गेटसभेत मी या गोल अक्षरांवरच तुटून पडणार होते. मखमलीत गुंडाळलेला सुरा वगैरे शब्द तयार होते. मग कारखान्याच्या गेटवर लावायचा फलक लिहायला बसले. आधी टोकदार, दाटीचा लिहिला. त्या बाईला दाखवला. ती अक्षर लावत लावत वाचते, मध्येच अडली. मग तुमच्या पद्धतीने लिहिला, रेघा केसभर लांब, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा. तिने एका दमात वाचलं: "हमें काम पर वापस लो." आणि पुन्हा एकदा, मोठ्याने. गोलाई तीच, बाबा. तुम्ही ती वाचणाऱ्यासाठी राखलीत, कंपनीवाले तिच्याआड लपले.

उद्याचं भाषण अजून लिहिलेलं नाही. हेच लिहीत बसले, आणि तुम्ही गेल्यावर हे तर कुठे पाठवायचंही नाही. तेव्हा एवढं करा: सकाळी गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, डोळे अर्धे मिटा आणि फलक वाचा.