निवडणुकीच्या दिवशीचा भात

बाई,

ज्या स्वयंपाकघराच्या गोष्टी सांगता सांगता तुमचा नागरिकशास्त्राचा तास संपून जायचा, ते स्वयंपाकघर मला गेल्या आठवड्यात ऐकायला मिळालं. पाहायला मिळालं असं लिहिणार होते, पण माझं काम सध्या ऐकण्याचंच आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून एका कंपनीसाठी अमेरिकेतल्या जुन्या मुलाखतींचे लेखी उतारे तपासते. पन्नास-साठच्या दशकात तिथल्या राजकारणात जी माणसं राबली, त्यांना म्हातारपणी गाठून कुठल्याशा विद्यापीठाने त्यांच्या आठवणी टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. त्यांत मोठे पुढारी थोडेच. बाकी सगळे सभेला खुर्च्या मांडणारे, पत्रकं वाटणारे, आपल्या मोटारीतून मतदारांना केंद्रावर नेऊन सोडणारे. पहिला मसुदा मशीन करतं आणि मशीनने घातलेला गोंधळ मी गंगापूर रोडच्या तिसऱ्या मजल्यावर बसून निस्तरते. नवरा म्हणतो, हिला आपल्या वॉर्डाचा नगरसेवक सांगता यायचा नाही, पण तिकडे सत्तर वर्षांपूर्वी कोण कोणावर रुसलं होतं ते विचारा. खरंच आहे त्याचं. तुम्ही असता तर त्याच्याच बाजूने बोलला असता.

या कामाला मी लायक ठरले ती तुमच्यामुळे. तुमचं इंग्रजी आम्हाला फार विचित्र वाटायचं. र म्हणताना जीभ अशी काही मागे ओढायचात की मागच्या बाकावर हसू दाबणं कठीण व्हायचं. शिष्यवृत्तीवर तिकडे एक वर्ष काढून तुम्ही तो र तेवढा घेऊन आलात, असं इतर शिक्षिका म्हणायच्या. मखमलाबादच्या फुलमळ्यातली मुलगी अमेरिकेला जाते आणि आणखी एक वर्ष राहा म्हणून तिकडचे लोक सांगत असताना परत येते, आणि येऊन शाळेत सातवीच्या पोरींना मतदान शिकवते, हे कोणाला पटतच नव्हतं. तुम्हाला कोणी त्याबद्दल विचारलं की तुम्ही फक्त "आले परत" म्हणायचात आणि खडू उचलायचात.

वर्गाची निवडणूक आठवते. तुम्ही फळ्यावर एकच नियम लिहिला होता, उमेदवाराने एकच आश्वासन द्यायचं. मी उभी राहिले. रोज सकाळी वर्गातला माठ भरून ठेवीन, असं ठोकून दिलं आणि वर गुपचूप मैत्रिणींना बोरं वाटली. निवडून आले. चार दिवस माठ भरला, पाचव्या दिवशी विसरले. तुम्ही मला वर्गाबाहेर बोलावलंत. आवाज चढवला नाहीत, तुमचा कधी चढायचाच नाही. "बोरांचं मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात, "ते मी सोडून देते. पण बोललीस ते करायचं. नाहीतर बोलायचं नव्हतं." पुढे वर्ष संपेपर्यंत मी तो माठ भरला. थंडीत बोटं बधिर व्हायची. तेव्हा मला तुमचा राग यायचा. माठाएवढ्या गोष्टीवरून बाईंनी केवढं धरून ठेवलंय, असं वाटायचं.

तर ती मुलाखत. बोलणारी बाई ऐंशीच्या पुढची, आवाज सिगारेटींनी खरखरीत झालेला. एका लहानशा गावात तिने आपल्या पक्षासाठी वीसेक वर्षं दारोदार फिरून मतं मागितली. एका निवडणुकीची गोष्ट सांगताना ती म्हणाली, त्या वर्षी आमच्या घरी हिंदुस्थानातली एक मुलगी राहायला होती, तिच्या घरचे लोक देवळांसाठी फुलं पिकवायचे. मी कान टवकारले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्याजणी पत्रकांच्या घड्या घालत बसायच्या. एकदा त्या मुलीचा पाय खाली पडलेल्या गठ्ठ्याला लागला, तर तिने वाकून गठ्ठ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. आमच्या उमेदवाराला तेव्हापासून पक्की खात्री की या मुलीने आपल्याला आशीर्वाद दिलाय. तो एकदा घरी आला, उभ्याउभ्या अर्धा पाय खाऊन गेला, आणि निवडणुकीत पडला. हे तर तुम्ही आम्हाला जसंच्या तसं सांगितलेलं! 'पाय' हे तिकडचं खाण्याचं नाव आहे हे तुम्ही फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं, म्हणून तर ते विसरले नव्हते. मी एकटीच हेडफोन लावून हसत होते. तुम्ही भेटल्यासारखंच झालं होतं.

मग ती बाई पुढे बोलली, आणि हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलेलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी सकाळी ती मुलगी लवकर उठून आंघोळ करून आली. भात शिजवू का म्हणाली. थोडा भात एका बशीत काढून तिने मागच्या दाराच्या पायरीवर ठेवला आणि थंडीत नुसती शाल घेऊन उभी राहिली. कशाची वाट बघतेस विचारलं तर म्हणाली, पक्ष्याची. तारेवर एक कावळा बसला होता. मुलगी हात जोडून आपल्या भाषेत काहीतरी म्हणायची, थांबायची, वर बघायची, पुन्हा दुसरं काही म्हणायची. ती बाई म्हणते, अगदी आमच्या उमेदवारासारखं हो, एक आश्वासन चालेना की दुसरं! इथे मुलाखत घेणारा मोठ्याने हसतो, तीही हसते. मशीनने चौकटी कंसात 'हशा' असं बरोबर टाकलं होतं. तिच्या समजुतीप्रमाणे तिकडे निवडणुकीत यश मिळावं म्हणून पक्ष्यांना खाऊ घालतात. मी टेप थांबवली. नाशिकात जन्म गेला माझा, बाई. गोदाकाठी, गंगेवर दहाव्याला भाताचे पिंड मांडून, हात जोडून कावळ्याची वाट बघणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते घरचे ओळखायचा प्रयत्न करतात. पोरांना सांभाळू, घराकडे बघू, असं एकेक कबूल करत जातात, आणि मनातलं नेमकं बोललं गेलं की कावळा शिवतो. पण ते मुलगे करतात. बायका त्या वेळी घरीच थांबतात.

पुढे टेपवर एवढंच आहे की फोन वाजला, एका म्हातारीला मतदान केंद्रावर न्यायचं होतं, म्हणून ती बाई गाडी काढून गेली. परत आली तेव्हा बशी धुऊन पालथी घातलेली होती आणि मुलगी टेलिफोनपाशी बसून मतदारांना आठवण करून देत होती. पक्षी आला की नाही, ते काही तिला माहीत नाही. नावही आठवत नाही म्हणाली. गोड मुलगी होती, म्हणाली.

मी तो दिवसभर दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. देवळाली कॅम्पची आहे, फौजी घरातली, कामाला चोख. "मॅडम, ती बर्डवाली फाईल अडकलीये. क्लायंटला तळटीप टाकायचीये, हा कुठला फेस्टिव्हल म्हणून विचारतायत." मी म्हटलं, फेस्टिव्हल नाही गं. "मला पण वाटलंच. नोव्हेंबरात कुठली संक्रांत? मग काय लिहू?" मी तिच्याकडे दोन दिवस मागून घेतले. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. सायखेड्याचा माणूस, मनातलं आडवळणाने बोलणं त्याला जमत नाही. "त्या बाईंचं कोणी हाय का अजून?" त्याने विचारलं. "मग तिकडच्यांना काय सांगायचं ते मागून बघ. आधी घरच्यांना सांग."

तुमचा धाकटा भाऊ आहे. मळा आता नाही, तिथे इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एका इमारतीत तळमजल्यावर राहतो. पंच्याऐंशीच्या आसपास असेल. ऐकू चांगलं येतं, गुडघे गेलेत. तुमची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्याने सुनेला चहा टाकायला लावला आणि आधीच सांगून टाकलं, "आक्काचं सगळं आमच्यावर उपकार हाय. शिकवलं तिनं, माझं लगीन तिनं केलं, सोताचं नाय केलं." मी विचारलं, बाई अमेरिकेत होत्या तेव्हा घरी कोणी गेलं होतं का. 

"आमची आई गेली ना तवाच. आबा म्हणले, पोरगी एकटी हाय तिकडं, कळवायचं नाय. शिकून येऊ दे. पत्रं मीच लिहायचो. आई असताना बी मीच लिहायचो, तिला कुठं लिहिता येत व्हतं. पन ती सांगायची तवा निम्मं पत्र शिव्यांचं असायचं. केसाला तेल लावती का नाय, मडमीण झाली का तिकडं जाऊन, असलं. ती गेल्यावर मी आपलं लिहायचो, आई बरी हाय, तुझी आठवन काढती. सगळं गोड गोड." तो थोडं हसला. "आक्का दर पत्रात आईला नमस्कार लिहायची. ते वाचून दाखवायलाच कोनी नाय. आबा उठून मळ्यात जायचे."

मग त्याने ते सांगितलं, बाई. तुम्ही आलात तेव्हा नाशिकरोडच्या स्टेशनवरच आबांनी तुम्हाला बातमी दिली. तुम्ही "बरं, चला घरी" एवढंच म्हणालात. "डोळ्यातून टिपूस नाय. सगळी भावकी जमलेली. बाया म्हणल्या, काळीज तिकडंच ठेवून आली ही. आन मला बी तसंच वाटलं. लहान व्हतो. पन मोठा झालो तरी ते गेलं नाय. तिनं एवढं केलं आमच्यासाठी, तरी कधी कधी मनात यायचं, आईसाठी रडली नाय ही. ती गेली तवा बी आलं मनात. तिच्या पेटल्या सरणाफुडं."

मी त्याला टेप ऐकवणार होते, पण ते इंग्रजी त्याच्या काय उपयोगाचं. मी सांगितलं. आंघोळ, भात, पायरी, तारेवरचा कावळा, जोडलेले हात, एकामागून एक कबूल केलेल्या गोष्टी. हशाचंही सांगितलं, कारण तो टेपवर आहे. त्याला कळायला वेळ लागला. त्याने दोन्ही हातांनी गुडघे धरले. "म्हंजे माझी पत्रं तिला कळली व्हती," तो म्हणाला. "शिव्या नव्हत्या म्हनून कळली व्हती. आन तरी ती नमस्कार लिहीत राह्यली. आमाला कळू नये म्हनून." आणि मग तो रडला. स्टेशनवर कोणी रडलं नसेल एवढं रडला. सून धावत आली तर तिला हातानेच जा म्हणाला.

तुम्ही पायरीवर काय काय कबूल केलंत ते कोणाला समजलं नाही, बाई. पण मला वाटतं त्यातलं एक वचन माझ्यासमोर बसलं होतं, सुनेने दिलेल्या पंच्याने नाक पुसत. आणखी एक वर्ष तिकडे राहायला मिळत असताना तुम्ही का आलात, एकट्या का राहिलात, माठाएवढ्या गोष्टीवरून मला का धरलंत, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. इतकं सगळं घेऊन तुम्ही रोज साडेदहाला वर्गात यायचात आणि आम्ही तुमच्या र ला हसत होतो.

तळटीप लिहून दिली. हा सण नाही, घरचं माणूस वारल्यावर असा भात ठेवतात, मुलीची आई वारली होती, आणि तिने ते यजमानांना सांगितलं नव्हतं. नाव घालू का म्हणून तुमच्या भावाला विचारलं होतं. "पुऱ्या नावानं घाला," तो म्हणाला, "आईच्या बी." तसं घातलं. हशा होता तिथेच ठेवला. पक्षी आला की नाही हे सांगणारीला ठाऊक नाही, हे वाक्यही जसंच्या तसं आहे. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, नवऱ्यालाही नाही, कारण एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही. मी निघाले तेव्हा तुमचा भाऊ भिंतीला धरत दारापर्यंत आला आणि त्याने विचारलं, "कावळा शिवला का वो?" मी म्हटलं, शिवला. "लगेच?" मी म्हटलं, हो, लगेच. त्याने मान हलवली आणि दार लावून घेतलं. टेपवर नसलेलं एक अक्षर मी आजवर कुठे घातलेलं नाही, बाई. हे घातलं, आणि त्याने उद्या पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन.

शिवला होता ना?