छातीवरची तोफ

आदरणीय व्हर्जिलमामांना,

मोन्टानाहून भाचा ऑरिन याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत (हे मी यंदा नुसती रीत म्हणून लिहीत नाहीये, पुढे वाचलंत की कळेल). तुमचा दमा कसा आहे? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? अक्षर कोंबडीच्या पायांचं आलंय, त्याबद्दल रागावू नका. उजवं मनगट पावासारखं फुगलंय, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. कपाळाला सात टाके आहेत, पण कपाळाने कोणी पत्र लिहीत नाही, तेव्हा ते राहू द्या.

उन्हाळ्यात मी ते रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा तुम्ही चार पानं भरून मला झापलं होतंत. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेल्या माणसाचं ऐकायला हवं होतं, मान्य. तुमचं म्हणणं, रायफलीचं काडतूस रायफलीच्या लांब नळीसाठी जन्माला आलंय. वीतभर नळीत घातलं तर निम्मी दारू जळायच्या आत गोळी बाहेर पडणार आणि उरलेली दारू हवेत जळणार. म्हणजे जोर कमी, जाळ आणि आवाज मात्र दुप्पट. वर साडेचार पौंडांचं ते धूड कमरेला पेलत नाही म्हणून छातीवर पट्ट्यांनी बांधायचं, मग सरळ खांद्याला रायफलच का लावू नये? सगळं पटलं होतं हो मामा! पण दुकानात ते हातात आलं, चक्रीत माझ्या बोटाएवढी पाच काडतुसं मावतात हे दिसलं आणि पटलेलं सगळं पाघळलं. आजोबांच्या रायफलीचं आणि याचं काडतूस एकच, दोघांना मिळून एकच डबा, केवढी सोय, असं मी डेल्फाला (तुमच्या सूनबाईंना) सांगितलं. ती म्हणाली, "मग ट्रॅक्टरचं चाक सायकलला लाव की. हवा एकच लागते."

काडतुसंही मी घरीच भरली. आजोबांच्या रायफलीत एका वेळी एकच काडतूस जातं, त्यामुळे तिच्यासाठी भरताना गोळी काडतुसाच्या तोंडात नुसती बसवली तरी भागतं, ते तोंड घट्ट आवळावं लागत नाही. त्यातलीच पाच उचलून मी रिव्हॉल्व्हरमध्ये घातली. (इथे तुम्ही चष्मा काढून कपाळावर हात मारून घेतला असेल. मारा. मला थांबायला वेळ आहे.)

तर शनिवारी शिकारीचा मोसम उघडला आणि आजोबांची रायफल घरी ठेवून, नुसतं रिव्हॉल्व्हर छातीवर बांधून मी सासरेबुवांबरोबर, म्हणजे हायरम यांच्याबरोबर, डोंगरात गेलो. वय एकाहत्तर, वसंतात खुब्याचा सांधा बदललेला, चालताना काठी लागते, पण घोड्यावर बसले की अजून पंचविशीतले. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मी "डेल्फाचा नवरा", फारच खुशीत असले तर "जावईबापू". दुपारी बाराच्या सुमारास त्यांनी एका गोळीत एल्क पाडला, घोड्याएवढं सांबरच ते, सहा टोकांच्या शिंगांचं. रायफल खोगिराच्या म्यानात परत ठेवली, सुरा काढला आणि कामाला लागले. मामा, आमच्या खोऱ्यातल्या अस्वलांना बंदुकीची भीती उरलेली नाही. बार झाला की कोणाचं तरी जनावर पडलं, आता आतडी जमिनीवर येणार, एवढं त्यांना पक्कं कळून चुकलंय. म्हणून सासरेबुवांचा नियम असा, की एका बारात जनावर पाडायचं, मग तोंड बंद आणि हात चालू. पहिल्या बाराला अस्वल कान टवकारतं, दुसऱ्याला दिशा पकडतं.

मला नियम ठाऊक होता. पण मी पहाऱ्यावर उभा, हाताला काम नाही, आणि म्हातारबुवा एल्कच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वर न बघता म्हणाले, "ते छातीवरचं वाजतं तरी का रे, की नुसतं लॉकेट आहे?"

तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, तेव्हा पुढचं काय सांगू! वीस पावलांवर एक जळकं खोड होतं. चाप ओढला. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आधी उजेड झाला, मग नळीच माझ्या कपाळावर येऊन आदळली, टोपी कुठे गेली ती अजून सापडलेली नाही. खोडाला काही झालं नाही. मात्र दोन्ही घोडी लगाम तोडून उतारावरून जी सुटली ती सुटलीच. एकीच्या खोगिरात सासरेबुवांची रायफल, दुसरीच्या पिशवीत अस्वलासाठी आणलेला तिखटाचा फवारा.

मला वाटलं आता शिव्यांची लाखोली. त्यांनी फक्त सुरा गवतावर पुसला. "जेवणाची घंटा वाजवलीस, जावईबापू," ते म्हणाले. "आता पाहुणे मोज."

पाहुणे पंधरा मिनिटांत आले. मादी, आणि मागे तिची दोन पोरं, चांगली आमच्या ट्रकच्या बॉनेटएवढी. वर बघून, नाक उचलून ती थेट आमच्याकडे निघाली. माझ्या डाव्या डोळ्यात रक्त उतरत होतं, कानात नुसती शिट्टी वाजत होती, मनगट तर दुसऱ्याचंच वाटत होतं. सासरेबुवांना पळता येणार नाही, झाडावर चढता येणार नाही. मी एकटा पळालो असतो तर कदाचित वाचलो असतो, हा विचार मला आला, मामा. तुमच्यापासून काय लपवायचं! मी त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो, रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचललं आणि चक्री फिरवणारी हातोडी मागे ओढायला अंगठा लावला.

हातोडी हलेना.

पुन्हा ओढली. पुन्हा. मग एका डोळ्याने खाली पाहिलं. पहिल्या बाराच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या पुढे सरकल्या होत्या, चक्रीतून बाहेर डोकावत होत्या आणि चक्री घट्ट अडकून बसली होती. छातीवर तोफ बांधून डोंगर चढलो आणि ऐन वेळेला हातात उरला साडेचार पौंडांचा वरवंटा! सांगावं तर मागे म्हातारा माणूस, त्याचं काळीज तिथेच बसायचं. न सांगावं तर तो याच्याच भरवशावर उभा.

तेवढ्यात अस्वलीण धावून आली. कान मागे, मान खाली. तीस पावलं, वीस. सासरेबुवांचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि कानाशी आवाज आला, "ऑरिन, तशीच धर. उडवू नकोस. नुसता दम देतेय ती."

बारा पावलांवर ती थांबली. दात कडकड वाजवले, जमिनीवर पंजा आपटला. तिच्या तोंडाचा कुजका वास मला येत होता. पण नळी मी खाली केली नाही. सासरेबुवा शेजारणीशी बोलावं तसे तिच्याशी बोलत होते, "बाई, सगळं तुझंच आहे गं. पोरांना पोटभर घाल. आम्ही निघालोच." मग मला, "आता एक पाऊल मागे. माझ्याबरोबर. शाब्बास. अजून एक." ती एल्ककडे वळली तरी आम्ही पाठ फिरवली नाही. टेकडीच्या माथ्यापर्यंतच्या वाटेला, एरवी पाच मिनिटांच्या, चाळीस मिनिटं लागली. घोडी खाली ट्रकजवळ चरत होती, जसं काही झालंच नाही.

गावात दवाखान्यात टाके घालताना सासरेबुवा डॉक्टरला म्हणाले, "बारा पावलांवर अस्वल होतं, पण या पोराचा हात हलला नाही." मला रडू फुटलं. डॉक्टरला सांगितलं, सुई लागली.

मामींना नमस्कार, धाकट्यांना प्रेम.

तुमचा (त्या चार पानांचा अपमान केलेला) भाचा,
ऑरिन

ता. क. मामा, पत्र लिहायचं खरं कारण हे. सासरेबुवा काल येऊन रिव्हॉल्व्हर मागत होते. येत्या गुरुवारी ते त्याच खोऱ्यात एकटे निघालेत, म्हणतात, "तू धरलंस तसं मी धरेन." नीट आवळलेली काडतुसं भरून दिली तरी त्या वयाच्या मनगटाला हे जनावर झेपणार नाही. खरं सांगावं तर नऊ वर्षांत एकदा मिळालेलं कौतुक हातचं जातं. आणि न सांगावं तर त्यांचा जीव. तेव्हा कृपा करून त्यांना उलट टपाली कळवा, की हे रिव्हॉल्व्हर मुळात तुमचं आहे आणि तुम्हाला ते ताबडतोब परत हवंय. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. एकदाच बोला.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. तुमच्या पत्राची वाट बघवेना, म्हणून सकाळी जाऊन मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते पॅनकेकला लोणी लावत होते, लावतच राहिले. म्हणाले, "बाहेर आलेल्या गोळ्या मला तुझ्या खांद्यावरून दिसत होत्या. अंगठा तीनदा घसरला तुझा."

मी म्हटलं, अहो, मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर तू हात खाली केला असतास. अस्वलिणीला कुठे ठाऊक होतं, बंदूक उडत नाही ते!"

मग आता ते लोढणं तुम्हाला कशाला हवंय, मी विचारलं.

"तुझ्याकडे राहिलं तर तू ते पुन्हा छातीवर बांधून डोंगरात जाशील म्हणून. मला मुलगी एक, आणि तिला नवराही एकच."

तेव्हा मामा, काही कळवू नका. रिव्हॉल्व्हर त्यांच्या कपाटात कुलपात आहे, आणि गुरुवारी आजोबांची रायफल घेऊन मीही त्यांच्याबरोबर जातोय. निघताना मी दारातून एवढंच विचारलं, की दवाखान्यात माझ्या हाताबद्दल म्हणालात, ते मग उगाच का?

"उगाच कशाला?" ते म्हणाले. "चालणारी बंदूक असली की कोणीही उभं राहतं. बस, पॅनकेक खा."