अक्काच्या खोलीतला वारा

११ डिसें., सोम.
आज सकाळी माझा मफलर जप्त झाला. नोटीस नाही, सुनावणी नाही. वीस हिवाळे या गळ्याची इमानेइतबारे चाकरी केलेलं ते वस्त्र थोरल्या बहिणीच्या गुडघ्याला बांधलं गेलं. निकाल देणारी सुमन, माझीच बायको. गावात खंडपीठ आहे, पण असल्या प्रकरणात तिथं दाद लागत नाही म्हणतात.

अक्का दिवाळीनंतर पैठणहून आली, गुडघ्यांच्या इलाजासाठी. डॉक्टर म्हणतात अजून महिनाभर शेक हवा. अक्का म्हणते, "लई गारठा हाय रं तुझ्या घरात. रविवारी मला यष्टीत बसवून दे."
पैठणला एकटी. पाण्याची बादलीसुद्धा स्वतःच उचलणार. मग ते गुडघे...
रविवारच्या आत खोली गरम झाली पाहिजे.

१२ डिसें.
कशानं गरम करायची? अक्काचं मत कोळशाच्या शेगडीला. सुमन : "दार लावून कोळसे? सगळ्यांना एकदमच पोचवता काय?" शेगडी बाद.

दोन कांड्यांचा हीटर आणला. औषध कंपनीनं फुकट दिलेलं तापमापक भिंतीला टांगलं. संध्या. ७ वा. : १५. दोन्ही कांड्या तासभर : १७. तेवढ्यात मीटरची चकती अशी पळाली की बघून मलाच धाप लागली. बंद केल्यावर अर्ध्या तासात पुन्हा १५.
दोन अंश गेले कुठं? दार बंद. अक्का म्हणते तिनं घेतले नाहीत.

शेजारचे करीमभाई हीटर बघायला आले. मोटारी वाइंडिंग करण्यात हयात गेलेली. हीटरकडं पाहिलंच नाही. खिडकीकडं बघत म्हणाले, "भाई, पैले वो कूलर उतारो. बाद में हीटर का देखते."
डिसेंबरात कूलरची चर्चा! चहा पाजून बोळवण केली. वाक्य मात्र ठेवून घेतलं.

१३ डिसें.
साप्ताहिकाला सदर दिलं. शेवटचा परिच्छेद असा : 'आमचे एक शेजारी थंडीचा सगळा दोष कूलरला देतात. उन्हाळ्यात ते बहुधा शेगडीला धरतील.' संपादक फोनवर खूप हसले. मीही हसलो.
हीटर : १७. नंतर १५.

१५ डिसें., शुक्र.
अंक आला. करीमभाई फाटकाशी भेटले. "अच्छा लिखे." एवढंच. चहाला बोलावलं तर, "नक्को, काम है."

अक्काची थैली भरून दाराशी उभी.

सकाळी तिनं खोलीत देवाला उदबत्ती लावली. मी सहज बघत होतो. धूर वर जाईना. खिडकीकडून आडवा निघून दाराच्या फटीकडं पळत होता. उदबत्ती उचलली, खोलीभर फिरवली. अक्का : "आरं, देवाची हाय ती!" कूलरजवळ नेली तर टोक लालबुंद. कूलरच्या तोंडात हात घातला. सरळ बाहेरचा वारा.

कूलर उन्हाळ्यात बसवायचा आणि मग तो खिडकीतच राहतो. मार्चमध्ये परत चढवायचा कोण? आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं. वाळा केव्हाच झडलेला, तीन बाजूंनी नुसती जाळी आणि तोंड अक्काच्या उशाशी. म्हणजे तीन दिवस मी गल्ली तापवत होतो. कुणी आभारही मानले नाहीत.

१६ डिसें.
कूलर निघेना, नट गंजलेले. हातोडीनं बदडत होतो. आवाज ऐकून करीमभाई पान्हा घेऊन आले. न बोलता चारही नट सोडवले, आम्ही दोघांनी कूलर उतरवला, ते गेले. काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.

खिडकी लावली, फटीत जुनी गोधडी कोंबली. एकच कांडी, अर्धा तास : १९. बंद केल्यावर तासाभरानं : १८!! मी तापमापकाला दोनदा टिचकी मारून पाहिली.
दुपारी ऊन आत घ्यायचं, चारला खिडकी लावायची. म्हणजे एवढी कांडीही कदाचित... उद्या बघतो.

अक्का : "आता जरा घरावानी वाटतंय."
"मग रविवारचं?"
"बघू."

१७ डिसें., रवि.
सकाळी ७, हीटर न लावता : १७.
अक्काच्या थैलीतून स्वेटर बाहेर आलाय. लुगडी आतच. साडेदहाची यष्टी गेली, तिनं घड्याळाकडं पाहिलं. मी विचारलं नाही. दुपारीही एक गाडी असते.

पुढच्या अंकाचं सदर लिहून झालं. सुरुवात : 'गेल्या खेपेचे शेजारी बरोबर होते. विनोद माझ्याकडं होता, अक्कल त्यांच्याकडं.' टपालात टाकायच्या आधी करीमभाईंकडं घेऊन गेलो. म्हटलं, बघून घ्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"नाम तो नै डाले?"
"नाही."
"अच्छा किये." मग बोट ठेवून, "पर ये 'शेजारी' की जगा 'मेकॅनिक' लिखो."
त्यांच्याच पेन्सिलीनं तिथंच खोडून लिहिलं. मग त्यांच्याकडं चहा घेतला.